आंतरराष्ट्रीय विभागाचा कार्यभार नव्याने स्वीकारणाऱ्याने कोणते प्रशिक्षण घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. बावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यानंतर चार महिन्यांपूर्वी आमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा कार्यभार माझ्याकडे आला. प्रयोगशाळा कशी चालवायची, संशोधन प्रकल्पाचा हिशेब कसा द्यायचा हे मला ठाऊक आहे. परंतु परदेशी विद्यापीठाशी करार करताना कोणत्या कलमापाशी थांबून विचार करावा, परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातील किती वाटा विभागाकडे राहावा, एखादी विद्याशाखा परस्पर करार करू लागली तर तिला कसे आवरावे, यांपैकी काहीही मला कोणी शिकवलेले नाही. आधीचे संचालक निवृत्त झाले आणि ६३ सामंजस्य करारांची यादी तेवढी माझ्या हाती आली.

या वर्षी एका व्यक्तीच्या एका प्रशिक्षणापुरती तरतूद मंजूर झाली आहे. मोठी वार्षिक परिषद, तीन-चार दिवसांची नेतृत्व कार्यशाळा, वर्षभराचा दूरस्थ प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या अशाच विभागात काही दिवस राहून काम पाहणे, असे पर्याय समोर आहेत. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी, आपल्याला खरोखर कशाचा उपयोग झाला, ते कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (माजी संचालक)

आपला प्रश्न वाचून माझे पहिले वर्ष आठवले. एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. या क्षेत्रातील नाफ्सा ही जुनी संघटना अमेरिकेत १९४८ साली सुरू झाली, ती परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्यांसाठी. विद्यापीठाच्या पातळीवर या कामाचे नेतृत्व करणाऱ्यांची एआयईए ही संघटना मात्र १९८२ साली निघाली. विद्यार्थ्याला मार्ग दाखवणे आणि संस्थेची दिशा ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मान्य व्हायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. जाहिरातीत ‘नेतृत्व’ असे लिहिलेल्या कित्येक अभ्यासक्रमांत आजही व्हिसाचे नियम आणि प्रवेशप्रक्रियाच शिकवली जाते, त्यामुळे वेळापत्रक मागवून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

परिषदेला या वर्षी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाफ्सा, युरोपातील ईएआयई आणि आशिया-पॅसिफिक विभागातील एपीएआयई या संघटनांच्या वार्षिक परिषदा मोठ्या असतात आणि तेथे ओळखी होतात, हे खरे आहे. परंतु तेथील बराचसा वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ठरलेल्या भेटींत जातो. मी पहिल्याच वर्षी गेलो, तीन दिवसांत तीसहून अधिक जणांना भेटलो आणि परतल्यावर कराराचे मसुदे येऊ लागले. कोणाला नकार द्यायचा हे आमचे ठरलेलेच नव्हते, म्हणून बहुतेकांना होकार गेला. त्यांपैकी दोन करार आज जिवंत आहेत.

कार्यशाळेचा मला जो उपयोग झाला, तो एका दुपारचा होता. प्रत्येकाने आपल्या टेबलावरचा एक खरा करार सोबत आणावा आणि दुसऱ्या संस्थेतील सहभागीला तो कलमवार वाचून दाखवावा, असे सांगितले होते. ‘दोन्ही संस्था समसमान संख्येने विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करतील’ हे कलम मी वाचले. समोरच्या बाईंनी विचारले, “आजवर तुमच्याकडून किती गेले आणि त्यांच्याकडून किती आले?” मला आकडा सांगता आला नाही. रात्री कार्यालयातून माहिती मागवली, तेव्हा कळले की तीन गेले होते आणि बारा आले होते. अशा देवाणघेवाणीत विद्यार्थी शुल्क आपल्या मूळ विद्यापीठात भरतो आणि यजमान विद्यापीठ ते माफ करते. म्हणजे नऊ जणांच्या अध्यापनाचा भार आमचे विद्यापीठ मोबदल्याविना सोसत होते, आणि ही तफावत किती वर्षांत भरून काढायची याबद्दल करारात एक ओळही नव्हती. व्याख्यानांच्या टिपणवह्या मी पुन्हा उघडल्या नाहीत. ते कलम मात्र त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी स्वतः लिहिले.

म्हणून कार्यशाळा निवडावी, पण आपले खरे कागद घेऊन बसण्याची मुभा जिथे आहे तीच.

प्रतिसाद २ (उपकुलसचिव, विद्यार्थी कल्याण)

वरील मताशी मी सहमत आहे. एका विषयाची भर घालते, कारण नव्या संचालकांच्या प्रशिक्षणात तो शेवटच्या तासाला उरकला जातो.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला अपघात झाल्याचा दूरध्वनी रात्री दोन वाजता आला, तर तो कोण उचलेल? आमच्या एका प्रशिक्षणात हाच प्रसंग टेबलाभोवती बसून तासभर चालवला गेला. दर दहा मिनिटांनी एक नवी चिठ्ठी येत असे: रुग्णालय विमा कंपनीचे हमीपत्र मागत आहे, पालकांना बातमी समाजमाध्यमांवरून आधीच कळली आहे, सोबतच्या प्राध्यापकांचा दूरध्वनी बंद आहे, वार्ताहर कुलगुरूंच्या घरी पोहोचला आहे. दुसऱ्या चिठ्ठीपर्यंतच आम्हा सर्वांच्या लक्षात आले की विमापत्राची प्रत कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात आहे. परतल्यावर त्याच आठवड्यात आम्ही ती प्रत आणि तातडीचे क्रमांक तीन अधिकाऱ्यांकडे ठेवले.

ज्या कार्यक्रमात असा सराव नाही, तो निवडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या रात्री उत्तर संचालकांकडेच मागितले जाते.

प्रतिसाद ३ (शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक)

आतापर्यंतची चर्चा करार आणि प्रवास यांभोवतीच फिरली आहे, म्हणून थोडे वेगळे मांडते. स्वीडनमधील माल्मो येथील विद्यापीठ १९९८ साली सुरू झाले तेव्हा त्याच्याकडे परदेशी विद्यापीठांचे जाळेच नव्हते. तेथे या कामाची धुरा असलेल्या बेंग्ट निल्सन यांनी त्यातून ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडली. जे विद्यार्थी कधीच परदेशी जाणार नाहीत, त्यांच्या अभ्यासक्रमातच जगाचा अनुभव कसा आणता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे २०१५ साली युरोपीय संसदेसाठी झालेल्या अभ्यासात आंतरराष्ट्रीयीकरणाची व्याख्या सुधारण्यात आली. ही प्रक्रिया हेतुपूर्वक घडवायची असते आणि ती सर्व विद्यार्थी व कर्मचारी यांच्या शिक्षणाचा व संशोधनाचा दर्जा वाढवण्यासाठी असते, हे त्या व्याख्येत स्पष्ट करण्यात आले.

ही व्याख्या मनापासून स्वीकारली, तर संचालकाला सर्वांत अधिक गरज पडते ती विद्या परिषदेत बाजू मांडण्याच्या आणि अभ्यास मंडळांना सोबत घेण्याच्या कौशल्याची. आपण स्वतः बावीस वर्षे शिकवले आहे, ही आपली मोठी जमेची बाजू आहे.

एकट्या व्यक्तीला पाठवण्याबद्दलही मला शंका आहे. अमेरिकेतील उच्च शिक्षण संस्थांची संघटना असलेल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने २००३ पासून चालवलेल्या उपक्रमात विद्यापीठातील विविध विभागांचा गट मिळून स्वतःच्या कामाचे परीक्षण करतो आणि नंतर बाहेरचे समव्यावसायिक येऊन ते तपासतात. असे काही आपल्याकडे लहान प्रमाणात करता येईल. प्रशिक्षणाहून परतलेला एकटा माणूस आणि काहीच न ऐकलेला वित्त विभाग यांची गाठ पडली, की शिकलेले तिथेच अडते.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल ६३ करारांची यादी घेऊन बसलो आणि गेल्या तीन वर्षांत एक तरी विद्यार्थी, प्राध्यापक किंवा संयुक्त शोधनिबंध ज्या करारातून पुढे आला, त्यांवर खूण केली. ११ निघाले. वित्त अधिकाऱ्यांना ती यादी दाखवल्यावर ते स्वतःहून म्हणाले की कार्यशाळेच्या तयारीला मीही बसतो. दूरस्थ अभ्यासक्रमाबद्दल मात्र कोणी लिहिलेले नाही. तो पूर्णपणे वगळावा काय?

प्रतिसाद १ (माजी संचालक)

वगळू नये, पुढच्या वर्षी घ्यावा. संज्ञा, कायदे आणि अर्थव्यवहार त्यात व्यवस्थित समजतात, पण स्वतःचे प्रश्न हाती आल्यानंतर तो अभ्यासक्रम अधिक फळतो. तोवर आपल्याच आकाराच्या एखाद्या विद्यापीठातील अनुभवी संचालकांना महिन्यातून एक तास मागावा. एआयईएच्या एका उपक्रमात नव्या अधिकाऱ्यांची अशीच जोडी लावून दिली जाते. औपचारिक उपक्रम न मिळाल्यास थेट पत्र लिहावे. मी तसेच लिहिले होते आणि आठ दिवसांत होकार आला होता.

कार्यशाळेला जाताना त्या ११ करारांपैकी एक आणि उरलेल्या ५२ पैकी एक, असे दोन्ही सोबत न्यावेत. दुसरा करार संपवण्याचे पत्र तिथेच लिहून, कोणाकडून तरी तपासून घ्यावे. नवा करार करण्यापेक्षा ते पत्र लिहिणे अवघड जाते, आणि त्यासाठी मदत करणारी माणसे इतरत्र सहसा भेटत नाहीत.