मदत हवी आहे: कोविडनंतर मुलीचा थकवा जातच नाही

केवडा
माझ्या मुलीला कोविड झाला, घरच्या घरी बराही झाला, पण तेव्हापासून ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. शाळेतून आली की दप्तर न काढताच पलंगावर आडवी होते, वाचलेले लक्षात राहत नाही आणि शनिवारी खो-खोचा सराव केला की सोमवारी तिला उठवत नाही. डॉक्टर म्हणतात सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, शाळा म्हणते ती टाळाटाळ करते. माझी मुलगी खोटे बोलत नाही. कोणते औषध द्यावे ते कृपया लवकर सांगा.

रानवाट
ताई, वय किती, कोविड कधी झाला आणि ‘सगळे रिपोर्ट’ म्हणजे नेमके कोणते, हे कळल्याशिवाय काय सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांसाठी केलेल्या ‘लाँग कोविड’च्या (कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाच्या) व्याख्येनुसार लक्षणे संसर्गानंतर ३ महिन्यांच्या आत सुरू झालेली आणि किमान २ महिने टिकलेली असावी लागतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ यांच्या तपासण्या झाल्या आहेत का? पाळी सुरू झालेल्या मुलींत लोहाची कमतरता सर्रास आढळते, त्यामुळे आधी ती शक्यता तपासून घ्यावी.

अश्वत्थ
दुसऱ्या लाटेत माझा वास गेला आणि परत आला तो विचित्र होऊन. कांदा परतला तरी जळक्या रबरासारखी घाण यायची. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगण्याचा सराव मी नेटाने केला आणि हळूहळू फरक पडला. मुलीकडून हे जरूर करून घ्या.

दिनकर_सातारा
मुलांची हालचालच थांबली आहे. रोज सूर्यनमस्कार घालायला लावा आणि आठवड्याला संख्या वाढवत न्या. रुग्णालयातून घरी आलो तेव्हा मला दोन जिने चढवत नव्हते, तो मी व्यायामानेच उभा राहिलो.

रानवाट
दिनकरकाका, आपले उदाहरण इथे लागू पडेलच असे नाही. अंथरुणाला खिळून गेलेली ताकद व्यायामाने भरून येते; इथे मात्र श्रमानंतर एक-दोन दिवसांनी मुलगी कोसळते आहे, आणि अशा रुग्णांना रेटून व्यायाम करायला लावला तर त्रास वाढतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या आजारासाठी टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या व्यायामाची शिफारस मागे घेतली, ती याच कारणाने.

दिनकर_सातारा
मग काय नुसते झोपून राहायचे? तरुण पोरीला इतके जपणेही बरे नव्हे.

रानवाट
झोपून राहायचे नाही. कोसळण्याच्या आधी थांबायचे आणि कामाच्या मध्ये विश्रांती घ्यायची.

केवडा
वय १४, दिवाळीच्या सुटीत घरच्या किटवर पॉझिटिव्ह, त्याला आता सहा महिने होत आले. फक्त सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि छातीचा एक्स-रे काढला आहे. वास तिला व्यवस्थित येतो. प्रार्थनेला उभी राहिली की घेरी येते आणि छातीत धडधडते, पण ते अशक्तपणामुळे असेल म्हणून लिहिले नव्हते.

शुक्रतारा
हेच तर महत्त्वाचे आहे! घरात पल्स ऑक्सिमीटर असेल तर तिला दहा मिनिटे शांत पडू द्या, नाडीचे ठोके लिहून घ्या, मग उभे करून दहा मिनिटे दर मिनिटाला पुन्हा लिहा. घेरी आली तर पडू नये म्हणून जवळ थांबा. या वयात ठोके ४० किंवा अधिकने वाढून तसेच राहिले, तर ‘पॉट्स’ची (उभे राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराची) शंका घेतात, आणि कोविडनंतर तो काही मोठ्यांत तसाच किशोरवयीन मुलांतही दिसला आहे. निदान मात्र डॉक्टरांनाच करू द्या, आणि मीठ-पाणी वाढवण्याचा सल्लाही त्यांच्याकडूनच घ्या. खेळताना छातीत दुखले किंवा ती बेशुद्ध पडली, तर मात्र वाट न पाहता हृदयतज्ज्ञांना दाखवा.

केवडा
आज रात्रीच मोजते. फेरिटिन आणि टीएसएचसाठी उद्या रक्त देऊ. पण शाळेला काय सांगू?

रानवाट
तोंडी काही सांगू नका. खेळाच्या तासाला सूट, प्रार्थनेला बसण्याची परवानगी आणि गरज पडल्यास अर्धा दिवस शाळा, असे स्पष्ट लिहिलेले पत्र बालरोगतज्ज्ञांकडून घ्या आणि त्याची पोच मागून घ्या.