मदत हवी आहे: गाण्यात खरखरीत आवाज काढायचाय, पण घसा बसतोय

रानजाई
आमच्या संगीत नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी माझं गाणं आहे. शेवटच्या कडव्यात आवाज फाटल्यासारखा, संतापाने खरखरणारा हवाय असं दिग्दर्शक म्हणतात. तालमीत जमतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी घसा बसलेला असतो. प्रयोग तोंडावर आलाय. घसा सांभाळून हे कसं करायचं? 'खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज कर' हे सोडून सांगा, प्लीज लवकर.

पेटीवाले काका
पट्टी कोणती? ओळ कुठपर्यंत जाते? माइक आहे की नाही? काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं काय?

खर्जप्रेमी
तरीही खर्जच सांगणार. पाया पक्का नसताना वर ओरडलं की घसा बसणारच. पहाटे अर्धा तास खर्ज लाव, महिनाभरात फरक दिसेल.

रानजाई
महिना नाहीये हो! पट्टी काळी चार, ओळ तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'वर जाते. बाकी गाणं नीट येतं मला.

सह्याद्रीपुत्र
आमच्याकडे गोंधळी रात्रभर गातात, त्यांना कुठे काय होतं? पोटातून आवाज काढ. ज्येष्ठमध आणि खडीसाखर तोंडात ठेव.

स्वरयात्री
ज्येष्ठमधाने बरं वाटत असेल, पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागतच नाही. तिथपर्यंत पोचते ती वाफ. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, ऐन प्रवेशाआधी ढोसून उपयोग नाही. आणि रात्रभर गाणाऱ्यांपैकी कितींचा आवाज पन्नाशीनंतर टिकला, तेही बघा.

रानजाई, काळी चारचा तार गंधार म्हणजे स्वरतंतू सेकंदाला पाचशेहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात. तिथे तेच तंतू दाबून घासलेस तर सुजणारच. खरखर काढायची ती त्यांच्या वरून. स्वरतंतूंच्या जरा वर मांसल घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. खालचा सूर स्वच्छ लागलेला असताना या घड्या थरथरल्या की आवाज फाटल्यासारखा वाटतो. लुई आर्मस्ट्राँगच्या गुरगुरीतही काम करतात ते असेच वरचे भाग. डेन्मार्कच्या कॅथरीन सॅडोलिन यांच्या पद्धतीत हे सगळे परिणाम वेगवेगळे शिकवतात, आणि अट एकच: आधी सूर साफ, मग खरखर.

करून बघ: मधल्या सप्तकात, सोप्या सुरावर, बोलण्याइतक्या आवाजात 'आ' लाव. तो तसाच धरून त्यात हलकी गुरगुर मिसळ. गुरगुर काढून घेतल्यावर सूर होता तिथेच मिळाला तर बरोबर चाललंय. ओरखडा, खवखव किंवा खोकला आला की त्या दिवशी बंद.

पेटीवाले काका
पण माइक आहे का?

रानजाई
कॉलर माइक आहे. दिग्दर्शकांना अख्खं कडवं तसं हवंय, आठ ओळी.

स्वरयात्री
हे आधी सांगायला हवं होतं! माइक असताना जोर कशाला? खरखरीला मोठा आवाज लागत नाही, साउंडवाल्याला त्या ओळीपुरता फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर घ्यायला सांग. आणि आठही ओळी फाटक्या आवाजात गायल्या तर तिसऱ्या ओळीला प्रेक्षकांना त्याची सवय होते. शब्द काय आहेत?

रानजाई
शेवटची ओळ 'परत दे, माझी जमीन परत दे'.

स्वरयात्री
मग पहिला 'दे' साफ आणि दुसरा फाटू दे. 'जमीन' अजिबात फाडू नकोस, तो शब्द लोकांना कळला पाहिजे. दिग्दर्शकांना दोन्ही तऱ्हा गाऊन दाखव.

खर्जप्रेमी
पूर्वी संगीत नाटकं माइकशिवाय व्हायची, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायचा.

जुना रसिक
रॉक गळा मराठी रंगभूमीवर आणला नंदू भेंडे यांनी! 'तीन पैशाचा तमाशा', 1978, पु. लं.चं रूपांतर. त्याआधी दिग्दर्शक अलेक पदमसींच्या इंग्रजी रॉक ऑपेरात ते ज्युडासच्या भूमिकेत होते. माझ्याकडे आठवणी आहेत, वेगळा धागा काढू का?

डॉ_घसा
बाकीचं वाचलं. रानजाई, सकाळी बसलेला घसा दुपारपर्यंत मोकळा होतो का? हे किती दिवस चाललंय? पित्त आहे का?

रानजाई
दुपारपर्यंत होतो मोकळा. आठवडाभर झाला. पित्त आहे, तालमीनंतर रात्री उशिरा जेवतो सगळे.

डॉ_घसा
जेवून लगेच आडवं होणं बंद. तालमीत ती ओळ साध्या आवाजात गा, खरखर रंगीत तालमीसाठी ठेव. घसा बसलेला असताना कुजबुजू नकोस, बहुतेकांचा ताण त्याने वाढतोच, गप्प बस. दोन-तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घे. गाता गाता आवाज एकदम गेला, तर त्याच दिवशी जा. आत रक्त उतरलेलं असू शकतं. आणि कुणी 'प्रयोगापुरतं स्टेरॉइडचं इंजेक्शन घे' म्हणालं तर आधी तपासणी. सूज दबते, घसा बरा झालासा वाटतो आणि जोरात गाऊन जास्त बिघडतो.

सह्याद्रीपुत्र
घरी गायला चांगला कराओके माइक कोणता?

रानजाई
आज मधल्या सप्तकात करून बघितलं, गुरगुर काढल्यावर सूर जागेवर मिळतोय. वर गेलं की निसटतो. अर्धा अर्धा स्वर करत चढवायचं का? स्वरयात्री, आहात का?