मेक्सिकोच्या मृतदिनाला मिरवणूक हवी कशाला?

चौकस (धागाकर्ता)
मेक्सिकोमध्ये १ आणि २ नोव्हेंबरला 'दिआ दे म्वेर्तोस', म्हणजे मृतांचा दिवस पाळतात. पहिला दिवस लहानपणीच गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा. घरोघरी 'ओफ्रेंडा' मांडली जाते: गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्त्या, मीठ, लांबून तहानलेला येईल म्हणून पेलाभर पाणी, त्याच्या आवडीचे पदार्थ, हाडांच्या आकाराची कणीक वर लावून भाजलेला गोड पाव, आणि दारापासून तिथवर झेंडूच्या पाकळ्यांची वाट. (झेंडू मूळचा तिकडचाच, हे आपल्याकडे दसऱ्याला तोरण बांधताना कुणाच्या लक्षात येत नाही.)

आता २०१५ साली आलेल्या 'स्पेक्टर' या बाँडपटाच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत या सणाची भव्य मिरवणूक दाखवली आहे. तशी मिरवणूक त्या शहरात तोवर निघतच नव्हती. पण चित्रपट पाहून पर्यटक ती शोधत येतील, म्हणून २०१६ पासून सरकारी पुढाकाराने ती खरोखरच काढली जाऊ लागली. माझा आक्षेप असा की ओफ्रेंडा कुणा एका माणसासाठी असते, त्याची आवडनिवड ठाऊक असलेल्या घरच्यांनी मांडलेली असते; मिरवणुकीतले अवाढव्य सांगाडे मात्र कुणाचेच कुणी नसतात. तिला खुशाल उत्सव म्हणावे, मृतदिन म्हणू नये.

नदीकाठ
असहमत. बाहेरून आलेले ते खोटे, असे मानले तर या सणात उरेल काय? साखरेच्या कवट्या घ्या: ऊस स्पॅनिश लोकांनी नेला आणि या तारखाही कॅथलिक पंचांगातल्या. सणाचा गाभा अस्तेक (स्पॅनिश येण्याआधीच्या तिथल्या मूळ रहिवाशांचा) नसून मुख्यतः युरोपीय आहे, असे एल्सा माल्विदो या मेक्सिकन इतिहासकार बाईंनी ठामपणे मांडले होते. ज्या कात्रिनाचे मुखवटे आज जगभर विकले जातात, ती होसे ग्वादालूपे पोसादा या मेक्सिकन व्यंगचित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय थाटाची हौस असणाऱ्यांची टर उडवण्यासाठी कोरलेली एक हॅटवाली कवटी. तिला अंगभर झगा दिला तो चित्रकार दिएगो रिवेरा यांनी, १९४७ च्या भित्तिचित्रात. तिला कुणी उपरी म्हणत नाही, मग चित्रपटानेच काय घोडे मारले?

चौकस
प्रश्न जुने की नवे हा नाहीच. कवटी साखरेची असो वा चॉकलेटची, तिच्या कपाळावर एखादे नाव लिहिलेले असते. मिरवणुकीत नाव कुणाचे, एवढेच मी विचारतो आहे.

फोंडेकर
आमच्या गोव्यातही २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे थडगी साफ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. ते पाहायला कुणी तिकीट काढून येत नाही, हे आमचे नशीब समजतो.

सावध_वाचक
फोंडेकरांचा मुद्दा मला उलट बाजूने पटतो. काम्पेचे राज्यातल्या पोमुच गावी घरचे लोक पुरलेल्या आप्तांची हाडे लाकडी पेटीतून काढतात, एकेक हाड ब्रशने झटकतात आणि पेटीत नवे भरतकाम केलेले कापड अंथरून ती पुन्हा ठेवतात. हे इतके खाजगी काम, पण तिथेही कॅमेरे पोहोचलेच. मेक्सिको सिटीच्या कडेचे मीस्किक आणि पात्स्क्वारो सरोवरातले हानीत्सिओ बेट यांच्या दफनभूमींत पाहुण्यांची झुंबड या चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून उडते. तेव्हा चार लोक मिरवणुकीच्या रेफोर्मा रस्त्यावरच थांबून सांगाडे बघून परत गेले, तर थडग्यापाशी बसलेल्यांना तेवढीच उसंत मिळेल.

चौकस
हा हिशेब कागदावर ठीक आहे. जाहिरात पाहून आलेला माणूस मिरवणूक संपल्यावर 'खरा सण कुठे बघायला मिळेल' असेच विचारतो आणि संध्याकाळी मीस्किकची वाट धरतो.

नदीकाठ
नावाचे विचारलेत म्हणून सांगतो. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. त्या वर्षीची मिरवणूक त्यांना आणि मदतकार्य करणाऱ्यांना अर्पण केली होती, आणि तिच्यात एक प्रचंड वळलेली मूठ होती. ढिगाऱ्याखालून हाक ऐकू यावी म्हणून बचावपथके मूठ उंचावून सगळ्यांना शांत करत, तीच ही खूण. अख्ख्या शहराचे दुःख एका घरच्या ओफ्रेंडावर मावते का?

तळटीप
मावत नाही, मान्य. परंतु ती अर्पण करणारे कोण, हेही पाहायला हवे. त्याच भूकंपात एक शाळा कोसळून १९ मुले दगावली आणि तिच्या बांधकामातला हलगर्जीपणा पुढे न्यायालयात सिद्ध झाला. ते बांधकाम वेळीच रोखणे ज्या शासनाचे काम होते, त्याच्याच आशीर्वादाने निघालेल्या मिरवणुकीत त्या मुलांच्या आईबापांनी सांत्वन शोधावे, ही अपेक्षा मला जड वाटते. नदीकाठ यांनी इतिहासाची बाजू नीट मांडली आहे. या आईबापांची बाजू मात्र त्यांच्या प्रतिसादात कुठेच नाही.