बीएमडब्ल्यू ३२०डी (२०१४, ९२,००० किमी) सेकंडहँड घ्यावी का? दुरुस्तीला किती पैसे बाजूला ठेवायचे?

लातूर_२४
रामराम मंडळी. ३२०डी बघून ठेवलीय. २०१४ चं मॉडेल, एमएच २४ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ९२,०००. साडेअकरा लाख म्हणायलेत. कंपनीतली सर्व्हिस ७१,००० पर्यंतची आहे, त्यापुढचं सगळं बाहेर केलंय, बिलं अर्धीच आहेत. वापर म्हणाल तर रोज गावातल्या गावात २५-३० किमी आणि महिन्यातून दोनदा पुणे. टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी इंजिनातली साखळी) झिजून तुटते असं लई ऐकलंय, त्यात खरं किती? पहिल्या वर्षी खर्च किती धरायचा? आणि दुसरी एक दिल्ली पासिंगची २०१३ ची साडेसात लाखांत मिळायलीय, ती बघावी का?

डिझेल_संभाजीनगर
चेनचं खरं आहे. २०१४ च्या गाडीत एन४७ इंजिन येतं, १९९५ सीसी. यात टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. त्यामुळं चेनपर्यंत पोचायलाच गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, बरेच कारागीर तर इंजिनच बाहेर काढतात. सामानापेक्षा मजुरी जास्त होते ती यामुळं. २०११ नंतर कंपनीनं चेनमध्ये सुधारणा केली, म्हणून २००८-०९ च्या गाड्यांइतकी भीती या गाडीला नाही. पण तेल वेळेवर बदललेलं नसेल तर प्लास्टिकचे गाईड (चेनला वाट देणाऱ्या पट्ट्या) झिजतात, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ढिला पडतो आणि चेन घासायला लागते. तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग हिशोब चेनचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

तपासायची रीत सांगतो. गाडी रात्रभर उभी पाहिजे. आधी बॉनेटला हात लावा, कोमट लागलं तर मालकानं तुमच्याआधी चालू करून ठेवलीय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं बॉनेटच्या मागच्या टोकाशी, काचेच्या बाजूला कान द्या. मग आरपीएम हळूहळू १,५०० ते २,५०० पर्यंत न्या. डिझेलची टकटक वेगळी. चेन घासत असेल तर पत्र्यावर पत्रा ओढल्यासारखी सर्र-सर्र येते आणि आरपीएमबरोबर चढते. खालून गिअरबॉक्सच्या जोडापाशी ऐकलं तर आणखी स्पष्ट कळतं. नुसता स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून 'कोड नाही, चेन चांगली' म्हणणाऱ्यावर विसंबू नका, झिजलेल्या चेनचा कोड येईलच असं नाही.

खर्च: चेन, गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट, क्रँकचं मागचं सील आणि पॅकिंग धरून चांगल्या बाहेरच्या गॅरेजला दीड ते दोन लाख, कंपनीत त्याहून बराच जास्त. इतकं उघडल्यावर सील जुनंच ठेवून दोन हजार वाचवू नका.

इंजिनाचं तेल ५.२ लिटर, ५डब्ल्यू-३०, डब्यावर एलएल-०४ (बीएमडब्ल्यूचं तेलाचं मानक) लिहिलेलं असलंच पाहिजे. गाडीचा कॉम्प्युटर पुढची तारीख लांबची दाखवतो, ती सोडून द्या. गावातल्या वापराला १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल ते.

नांदेड_ऑटोमॅटिक
चेनमागे सगळे धावतात, गिअरबॉक्सचं कुणी विचारत नाही. आठ गिअरचा झेडएफ या जर्मन कंपनीचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे आणि अत्यंत चांगला आहे. पण 'तेल आयुष्यभराचं' या बोलण्यावर जाऊ नका. झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किमीला बदला म्हणते. ९२,००० ला बदललेलं नसेल तर पहिलं काम हेच.

यात फिल्टर वेगळा येत नाही, प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो. म्हणून पॅन, बोल्ट आणि तेल असा पूर्ण सेट घ्या. खालून साधारण ५-६ लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) राहतं. खरी चूक लेव्हलला होते. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर एकेकदा टाकून घ्यायचे आणि बॉक्समधलं तेल ३० ते ५० अंशांच्या मधे असताना भरायच्या बोल्टातून बारीक धार आली की बंद. हे तापमान स्कॅनरवर बघायचं, अंदाजानं नाही. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी हे काम घेऊच नका. पत्र्याच्या शेडमध्ये तेल बघता बघता पन्नासच्या वर जातं, फुगलेल्या तेलावर लेव्हल धरली की गार झाल्यावर कमी भरते आणि मग गिअर झटका देतो. सकाळी पहिली गाडी म्हणून लावा. ४०-५५ हजार धरा.

आता पाण्याचं. कुलंट टाकीचं झाकण गार असताना उघडून बघा. निळं आणि स्वच्छ पाहिजे. पांढुरका थर किंवा गढूळपणा दिसला तर कुणीतरी बोअरचं पाणी ओतलंय. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते घरातल्या गिझरची कॉइल बघितली की कळतं. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि ४२ अंशांत एसी लावून अंबाजोगाईचा घाट चढताना गाडी तापते. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, बाकी काही नाही. जिनिंगच्या पट्ट्यात फिरलेली गाडी असेल तर एसीच्या कंडेन्सरवर सरकी-कापसाचा लेप बसतो, तोही बघा.

थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडझाप करणारी झडप) उघडाच अडकला असेल तर डॅशबोर्डवर काही कळत नाही. स्कॅनरवर पाण्याचं तापमान हायवेला ८५-९० दाखवायला पाहिजे. ७० वरच रेंगाळत असेल तर बदला, नाहीतर इंजिन थंड चालून काजळी धरतं. तुमचा रोजचा २५ किमीचा वापर त्याला आणखी खतपाणी घालतो. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आणि इनटेक (हवा आत घ्यायची वाट) साफ करायला १२-१८ हजार. शिवाय ईजीआर कूलरमधून कुलंट गळण्यावरून कंपनीनं २०१८ पासून अनेक देशांत गाड्या परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन या गाडीचं काही काम बाकी आहे का ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

परभणी_सस्पेन्शन
खालचं मी सांगतो. रनफ्लॅट टायर, डिकीत स्टेपनी नाही. हवा गेल्यावर ८० च्या वेगानं साधारण ८० किमी चालतं. लातूरहून पुण्याला जाताना हे गणित ध्यानात ठेवा. कडक साईडवॉलमुळं खड्ड्यात फुगा येतो आणि तो बहुधा आतल्या अंगाला असतो, बाहेरून दिसत नाही. लिफ्टवर चारही टायर आतून बघा. टायरवरचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही असो, बदलायचे धरा. चारचे ६५-८० हजार.

८०-१०० वर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे तेल भरलेले रबरी बुश आधी बघा, फाटले की ओले दिसतात. दोन्ही बाजू मिळून २५-४० हजार.

बॅटरी डिकीत आहे, एजीएम प्रकारचीच (साधी नाही) पाहिजे, आणि नवी बसवल्यावर स्कॅनरनं गाडीला कळवावी लागते. नाहीतर गाडी जुनीच समजून जास्त चार्ज करते. आणि बंद पडली तर क्रेनवाल्याला मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. गाडी मागच्या चाकांवर चालते आणि इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. फ्लॅटबेडच मागवा.

जालना_कागदपत्र
दिल्लीच्या गाडीचं थोडक्यात. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली होती, म्हणून त्या स्वस्तात इकडं येऊ लागल्या. साडेसात लाखांवर महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा. दिल्लीच्या आरटीओची एनओसी खरी आहे का, परिवहनच्या साईटवर गाडी कुठल्या स्थितीत दिसते, हे बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. शिवाय २०२८ ला पंधरा वर्षं भरतील, तेव्हा तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. माझं मत: सोडून द्या.

लातूरच्या गाडीत कर्जाचा बोजा असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी, मग मालकी बदलायचे २९ आणि ३०. मीटरची शंका असेल तर दोन्ही चाव्या कंपनीत न्या, चावीतही किलोमीटर साठवलेले असतात.

लातूर_२४
सगळ्यांचे आभार. दिल्लीची सोडली. मग इथली साडेअकराला घ्यावी का कमी करून?

डिझेल_संभाजीनगर
चेनचा आवाज आला तर पावणेदोन लाख किमतीतून कमी करा. नाही म्हणाले तर गाडी सोडा, आवाज आलेली चेन 'पुढं बघू' म्हणून चालवायची नसते. आवाज नसेल तर दहा-साडेदहाला बोलणी करा, बाकीच्या बिलांअभावी एवढं मागणं रास्त आहे. पहिल्या वर्षाला गिअरबॉक्सचं तेल, कुलंट, फिल्टर, बुश आणि टायर मिळून दोन लाख वेगळे ठेवा. चेनचे दीड-दोन लाख त्यात धरलेले नाहीत. मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा, गाडी सकाळी सातला बघणार आणि चावी तुम्हीच फिरवणार.