चाललेल्या मिनिटांची पावलं कशी करायची? माझं मत : सरसकट मिनिटाला १००

रोजची_फेरी
आमच्या सोसायटीत घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत चालायची स्पर्धा असते. विंगप्रमाणे टीम, रोज रात्री प्रत्येकाने ग्रुपवर आपली पावलं टाकायची, जिंकणाऱ्या विंगला ढाल आणि मसाला दुधाचा पहिला मान. तरुण मंडळींच्या मनगटावर घड्याळं आहेत, ती आकडा टाकून मोकळी. पण ज्येष्ठांपैकी निम्मे लोक घड्याळ घालत नाहीत, फोन घरी चार्जिंगला लावून खाली येतात आणि सांगतात "मी पाऊण तास चाललो." आता या पाऊण तासाची पावलं किती यावरून ग्रुपवर जुंपलीये म्हणून इथे विचारतोय, म्हणजे विचारत नाही, माझं मत सांगतोय आणि तुम्ही हाणा. मिनिटाला १०० धरा, विषय संपवा. अर्धा तास म्हणजे ३०००, पाऊण तास म्हणजे ४५००, हिशोब तोंडी होतो.

बी विंगच्या एका हुशार मुलाने तक्ता काढलाय : रमतगमत ८०, नेहमीची चाल १००, भरभर १२०. तक्ता चूक नाही हो, पण मी भरभर चाललो की रमतगमत हे ठरवणार कोण? ज्याचं तोच. मग सगळेच भरभर! पाऊण तासाला ८० आणि १२० मध्ये १८०० पावलांचा फरक पडतो, पंधरा दिवसांत माणशी २७,०००. एवढं कुणाच्या शब्दावर सोडायचं का?

गणिती_बोका
सरसकट १०० ला कडाडून विरोध. तुम्ही त्याला सरासरी समजताय आणि तिथेच घोळ आहे. कॅट्रिन ट्यूडर-लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या वेगाने चालवलं, श्वासातून ऑक्सिजन किती वापरला जातोय ते मोजलं, त्यातून आलेला ठोकताळा असा की मिनिटाला साधारण १०० पावलं पडायला लागली की चालणं मध्यम व्यायामात धरायचं आणि १३० च्या आसपास गेलं की जोरदार व्यायामात. म्हणजे १०० पर्यंत माणसाला पोचावं लागतं, ते बसल्याजागी मिळत नाही. गेटपाशी थांबून वॉचमनशी बोलत, कुत्र्याला बिस्कीट घालत चालणारे काका ७० वर असले तरी खूप. त्यांना तुम्ही फुकटात १०० देणार आणि शेजारून घाम गाळत ११५ ने जाणाऱ्या बाईंनाही १०० च देणार, हा कुठला न्याय?

रोजची_फेरी
काकांना जास्त मिळाले तर मिळू देत की, ते खाली उतरले हेच खूप आहे. आणि ११५ वाल्या बाईंनी घड्याळ घ्यावं.

ठाण्याची_शिल्पा
घड्याळ घेऊनसुद्धा भांडणं मिटत नाहीत, अनुभवाने सांगते. मी पाच फूट एक इंच, नवरा पाच दहा. दोघं एकत्र निघतो, गप्पा मारत शेजारी शेजारी चालतो, एकत्र घरी येतो. तीन किलोमीटरला त्याची चार हजाराच्या आसपास होतात आणि माझी चार हजार सातशेच्या पुढेमागे, आणि रोज तो म्हणतो तुझं घड्याळ बिघडलंय. बिघडलेलं नाही, तुझे पाय लांब आहेत रे बाबा. उंचीच्या साधारण ०.४१ पट एक पाऊल असा ढोबळ हिशोब असतो, त्याने त्याचं पाऊल ७३-७४ सेंटीमीटर येतं आणि माझं ६३-६४. म्हणजे मिनिटं तीच, वेग तोच, फेरी तीच, तरी आकडे वेगळे. मग तुमच्या तक्त्यात "भरभर" म्हणजे काय, भरभर पावलं टाकणं की भरभर पुढे जाणं? आधी ते ठरवा.

गणिती_बोका
शिल्पाताई, शंभर टक्के. वेग म्हणजे मिनिटाची पावलं गुणिले पावलाची लांबी. ८० पावलं आणि ६० सेंटीमीटर घेतलं तर तासाला २.९ किलोमीटर, १०० आणि ७० ला ४.२, १२० आणि ७५ ला ५.४. बघा, वेग जवळपास दुप्पट झाला तरी मिनिटाची पावलं दीडपटच झाली, कारण माणूस घाईत नुसती जास्त पावलं टाकत नाही, लांबही टाकतो. म्हणून किलोमीटरवरून पावलं काढायची तर उंची हवी आणि मिनिटावरून काढायची तर चाल हवी. दोन्हीपैकी काहीच माहीत नसताना काढलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

अप्पा_सोलापूर
तुमचं सगळं ट्रॅकवरचं चालणं आहे. आम्ही माउलींच्या पालखीबरोबर चालतो. पुणे ते सासवड हा टप्पा तीस-बत्तीस किलोमीटरचा, पहाटे निघालेला माणूस संध्याकाळी पोचतो. बारा तास धरले आणि शंभराने गुणलं तर ७२,००० पावलं होतात की! आणि प्रत्यक्षात ६० सेंटीमीटरचं पाऊल धरून हिशोब लावला तर ५०,००० च्या आसपास. मधली बावीस हजार गेली कुठं? हडपसरला चहात गेली, विसाव्यात गेली, दिवे घाटात दिंडी खोळंबली की माणूस जागच्या जागी टाळ वाजवत उभा असतो त्यात गेली. घड्याळातला वेळ म्हणजे चाललेला वेळ नव्हे, एवढंच सांगायचंय. तुमचे पाऊण तासवाले पाऊण तास खाली होते, चालत किती होते ते विचारा.

रोजची_फेरी
अप्पा, हा मुद्दा बिनतोड आहे, पण मग तो घड्याळवाल्यांनाही लागू करा ना. एकजण रोज ऑफिसची, मेट्रोची, कँटीनची सगळी पावलं घालतो आणि दुसरीकडे आजींची फक्त संध्याकाळची फेरी. तिथे कुणी सूक्ष्मदर्शक लावत नाही.

फिजिओ_नागपूर
पेशंटना रोज चालायला सांगणारी म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे : मिनिटांची पावलं करूच नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस बघा, मोठ्यांसाठी आठवड्याला मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटं. पावलं नाहीत, मिनिटं! ज्या आजी "पाऊण तास चालले" म्हणतात त्यांच्याकडे योग्य आकडा आधीच आहे, तुम्ही तो मोडून कच्चा आकडा बनवताय. चाल बघायची तर सोपी खूण आहे, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. अभंग आरामात म्हणता येत असेल तर ती शतपावली, पोटाला बरी पण हृदयाला फार काही मिळत नाही.

आणि तो १०,००० चा भुंगा डोक्यातून काढा. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच दहा हजार पावलांवरून ठेवलं होतं, आकडा तिथून रुळला. कुठल्या डॉक्टरने प्रयोग करून काढलेला नव्हता तो.

आयटी_हमाल
मॅडम, १०,००० बद्दल सहमत, पण पावलांना एवढं हिणवू नका. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या जवळपास १७,००० स्त्रियांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२. दिवसाला २७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, पुढे साधारण ७५०० पर्यंत फायदा वाढत गेला आणि मग सपाट झाला. आता यातली गंमत : एकूण पावलं हिशोबात धरल्यावर ती किती भरभर टाकली याचा वेगळा फायदा ठळक दिसला नाही. म्हणजे त्या वयाला रमतगमत की भरभर यावर डोकं फोडण्यापेक्षा एकूण किती हे जास्त कामाचं, आणि एकूण किती हे कळायला पावलं लागतातच, मिनिटांत ते दिसत नाही. ओट्यापासून बाल्कनीपर्यंतच्या फेऱ्या मिनिटांत कुणी सांगतं का?

फिजिओ_नागपूर
तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, ज्यांची तब्येत बरी त्याच जास्त चालत असतील हीही शक्यता असते, तेवढं ध्यानात ठेवा. बाकी ७२ च्या आजींना ७५०० चं टार्गेट नको, ४४०० पुष्कळ, हे मी पण सांगतेच. पण दम लागेल इतकं चालायची गरज नाही असा अर्थ चाळिशीतल्या लोकांनी काढू नका प्लीज.

ओट्यापाशी
ओट्याचा विषय निघालाच आहे तर, तिथली पावलं यंत्रालासुद्धा दिसत नाहीत. कणिक मळताना कोण घड्याळ घालतं, फोन फ्रिजवर. आणि घातलं तरी दोन पावलं सिंककडे, तीन गॅसकडे, पुन्हा दोन मागे, सलग काही पावलं पडल्याशिवाय बरीचशी यंत्रं मोजायला सुरुवातच करत नाहीत. पावसात तर वेगळीच मजा, ज्या हातात छत्री त्याच मनगटावर घड्याळ, हात हलतच नाही, आकडा निम्माशिम्मा. भाजीची ट्रॉली ढकलताना तेच. तेव्हा घड्याळवाल्यांचा आकडा म्हणजे देवाने लिहिलेला आणि मिनिटंवाल्यांचा अंदाज, असं काही नाही. माझं मत रोजची_फेरी यांना, १०० द्या सगळ्यांना.

डोंगरवेडा
१०० वाल्यांनी एकदा सिंहगड पायवाटेने चढून दाखवा मिनिटाला १०० ने, मी स्वतः पिठलं-भाकरी खाऊ घालतो. चढावर पाऊल आखूड होतं, चाल पडते, दर दहा मिनिटांनी थांबावं लागतं, आणि श्रम मात्र दुप्पट. डोंगरातले लोक म्हणूनच पावलं मोजत नाहीत, वेळ मोजतात. १८९२ मध्ये नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने नियम घालून दिला, सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि वर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. आजही ट्रेक आखताना हाच धरून चालतो. तुमच्या सोसायटीत जिना चढणाऱ्यांचं काय करणार, पायरी म्हणजे एकच पाऊल का?

नकाशेवेडी
पावलांवरून हिशोब लागतच नाही असं मात्र म्हणू नका. नैनसिंग रावत आठवा. इंग्रजांच्या सर्व्हे खात्याने त्यांना देहराडूनला शिकवून तिबेटात पाठवलं, १८६६ च्या सुरुवातीला ते ल्हासाला पोचले. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, मैलाला साधारण २००० पावलं. सगळ्यांना वाटायचं यात्रेकरू नामस्मरण करतोय. अशा रीतीने शेकडो मैलांचा रस्ता मोजला त्या माणसाने! फक्त त्यासाठी चढ असो उतार असो पाऊल तेवढंच पडलं पाहिजे म्हणून महिनोन्‌महिने घोटून घेतलेलं होतं. कवायतीत तेच, मिनिटाला १२० आणि एका पावलाला ३० इंच, सगळ्या पलटणीचा पाय एका मापात. तक्ता तिथे लागू पडतो. बिस्कीटवाल्या काकांना नाही.

आयटी_हमाल
मग काकांचं माप घ्या ना. यात रॉकेट उडवायचं नाहीये. माणूस चालायला लागल्यावर पाचेक मिनिटं जाऊ द्या, मग फक्त उजवा पाय ३० सेकंद मोजा आणि चारने गुणा. उजवा २३ वेळा पडला तर मिनिटाला ९२. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, दोन्हींच्या मधला आकडा वहीत लिहा, पंधरा दिवस त्या माणसासाठी तोच. एक करा, मोजताना त्यांना सांगू नका, कुणी बघतंय कळलं की सगळे छाती काढून चालतात. आमच्या मातोश्रींची एरवीची चाल आणि मी मागे उभा असतानाची चाल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रोजची_फेरी
तुम्ही येणार का साठ माणसांचे उजवे पाय मोजायला? आणि न सांगता मोजायचं म्हणजे मी झाडामागे लपून बायकामाणसांचे पाय मोजत बसू? वॉचमन आधी मलाच धरेल.

ठाण्याची_शिल्पा
हाहाहा. अहो प्रत्येक विंगच्या एकेका बाईला सांगा, अर्ध्या संध्याकाळचं काम आहे. बाकावर बसून तरी काय करतो आम्ही.

गणिती_बोका
मोजायचंच नसेल तर निदान १०० नको, ८५-९० धरा आणि थांबलेला वेळ वजा करून सांगायला लावा. अप्पांच्या हिशोबात बारा तासांतली ५०,००० पावलं म्हणजे मिनिटाला ७० सुद्धा पडत नाहीत, आणि ते रोज चालणारे लोक आहेत.

अप्पा_सोलापूर
आमचा दाखला आमच्यावरच उलटवला का बोकोबा! विसावे काढले तर आम्ही शंभराला आरामात जातो, विचारा कुणालाही. शिवाय कोजागिरीपर्यंत तुमचं भांडण मिटत नाही, दूध आटवून घ्या आधी.

रोजची_फेरी
कमिटीत आज हे सगळं वाचून दाखवलं. ठरलं असं की फलकावर दोन रकाने, घड्याळवाल्यांची पावलं वेगळी, बाकीच्यांची मिनिटं वेगळी, गुणाकार नाही, ढाली दोन. खर्च वाढला म्हणून खजिनदार फुगून बसलेत. माझं मत तरीही १०० चंच आहे. आणि दुसऱ्या ढालीसाठी आत्तापासून एकजण म्हणतोय मी रोज तीन तास चालतो.

गणिती_बोका
त्याचा उजवा पाय मोजा.