प्लस-साइझ मॉडेलिंग: आधी पैसे भरायचे का?

प्रश्न: वय २६, उंची ५ फूट ८, कंबर ३८. एक एजन्सी म्हणते, पोर्टफोलिओचे (कामासाठी दाखवायच्या फोटोंच्या अल्बमचे) पैसे आधी भरा. भरू?

उत्तर १: अजिबात नको! खरी एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन कापते. मी भरले होते. जाडजूड अल्बम, थापलेला मेकअप. कुणी उघडूनही पाहिला नाही. काम मिळालं ते मैत्रिणीने खिडकीजवळ मोबाइलवर काढलेल्या चार फोटोंवर: समोरून, बाजूने, पाठमोरा आणि चेहरा. केस बांधलेले, कपडे साधे, अंगाबरोबर बसणारे.

आणि मापं खरी दे गं. मी कंबर दोन इंच कमी सांगितली, तर शूटला चेन अर्ध्यावरच अडकली. पाठीमागून पिना टोचून कसंबसं निभावलं. बारीक मुलगी तिथे कुणाला हवीच नव्हती!

२०१६ मध्ये प्लस-साइझ मॉडेल ॲशली ग्रॅहम स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकन मासिकाच्या स्विमसूट अंकाच्या मुखपृष्ठावर झळकली, तेव्हा मलाही हुरूप आला होता. पण माझं रोजचं काम कॅटलॉगचंच.

उत्तर २: फिट मॉडेलिंगही बघ. कपडा अंगावर चढवून तो कुठे दाटतो, कुठे ओढतो ते सांगायचं. फोटो नाहीत, पण मापं टिकवावी लागतात.

प्रश्नकर्ती: आत्ताच टेप लावली. कंबर ३९ निघाली. तीच लिहिते.