तीनचाकी टूरिंग मोटरसायकल : अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोलची निवड

त्रिचक्री (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे कॅन-अ‍ॅम स्पायडर आरटी आहे, 1330 सीसीच्या तीन सिलिंडरच्या रोटॅक्स इंजिनाची. यापूर्वी बरीच वर्षे दुचाकीवरच लांबचे प्रवास केले असल्यामुळे एका टाकीत किती अंतर जाईल याचा अंदाज मला सहज बांधता येत असे. या गाडीच्या बाबतीत मात्र तो अंदाज काही केल्या बसत नाही. कधी लिटरला 17 किलोमीटर मिळतात, कधी गाडी जेमतेम 13 वर येते, आणि दोन्ही वेळा रस्ता, सामान व मागे बसणारी व्यक्ती तीच असते. टाकी सुमारे 26 लिटरची आहे, म्हणजे पूर्ण टाकीमागे हा फरक शंभर किलोमीटरच्या घरात जातो. पंप विरळ असलेल्या रस्त्यावर तो सोडून देण्याजोगा नाही.

बरोबरीच्या काही चालकांचे ठाम मत आहे की नेहमी जास्त ऑक्टेनचेच पेट्रोल भरावे, त्याने अ‍ॅव्हरेज वाढते. दुसरा गट म्हणतो की तो निव्वळ पैशांचा अपव्यय आहे. माझ्या आकड्यांतली तफावत पेट्रोलमुळे असू शकते का, आणि नसेल तर ती कशामुळे येते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती.

---

यंत्रवेडा

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे हे सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना ठिणगी पडण्याच्या आधी किंवा ज्योत पोहोचण्याच्या आधी ते मिश्रण आपोआप पेटू नये, या बाबतीत ते किती टिकाव धरते एवढेच त्यावरून कळते. ज्या इंजिनाला कमी ऑक्टेनवरही नॉकिंग (मिश्रण असे आपोआप पेटल्याने होणारी खटखट) होत नाही, त्या इंजिनाला जास्त ऑक्टेन देऊन ना शक्ती वाढते, ना अ‍ॅव्हरेज. तेव्हा खरा प्रश्न पेट्रोल चांगले की वाईट हा नसून आपल्या इंजिनाची गरज किती, हा आहे.

ती गरज केवळ कॉम्प्रेशन रेशोवरून (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते यावरून) ठरते असा समज सर्वत्र आढळतो, पण तो अपुरा आहे. 2018 पासूनच्या होंडा गोल्डविंगचा रेशो 10.5:1 आहे आणि हार्ले-डेव्हिडसन ट्राय ग्लाइड या तीनचाकीमधल्या 114 घनइंचाच्या मिलवॉकी-एट इंजिनाचाही 10.5:1 च. तरीही गोल्डविंग साध्या पेट्रोलवर चालावी अशीच बनवलेली आहे, तर हार्लेसाठी प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचे, सांगितलेले असते. याचे उत्तर सिलिंडरच्या आकारात आणि थंड ठेवण्याच्या पद्धतीत आहे. गोल्डविंगचे सहा सिलिंडर अवघ्या 73 मिलिमीटर बोअरचे (आतल्या व्यासाचे) आणि पूर्णपणे पाण्याने थंड होणारे. हार्लेचे दोन सिलिंडर 102 मिलिमीटर बोअरचे, आणि त्यांचे थंड होणे बऱ्याच अंशी हवेवर अवलंबून. ज्योतीला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जेवढे जास्त अंतर कापावे लागते, तेवढा कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ मिळतो. मिलवॉकी-एटच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असण्यामागे हेही एक कारण आहे.

आपले 1330 इंजिन 84 मिलिमीटर बोअरचे आणि पाण्याने थंड होणारे, म्हणजे या दोहोंच्या मधले. पुस्तिकेत दिलेला किमान आकडा पाळला की नेहमीच्या चालवण्यात वरचे पेट्रोल भरून अ‍ॅव्हरेजमध्ये जाणवण्याइतका फरक पडू नये.

आकडा वाचताना मात्र एक काळजी घ्यावी. अमेरिका आणि कॅनडामधल्या पंपांवर एकेआय लिहिलेला असतो, म्हणजे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन मापांची सरासरी. इतर बहुतेक देशांत फक्त आरओएन लिहितात, आणि त्याच पेट्रोलसाठी तो एकेआयपेक्षा साधारण 4 ते 5 अंकांनी जास्त येतो. त्यामुळे ‘91’ हा आकडा एका ठिकाणी प्रीमियमचा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी अगदी साध्या पेट्रोलचा. अमेरिकन चालकाचा सल्ला वाचून 91 आरओएन भरणारा माणूस प्रत्यक्षात 87 एकेआयच्या आसपासचे पेट्रोल टाकीत ओतत असतो. अशीच गफलत अ‍ॅव्हरेजच्या आकड्यांतही होते : अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा, त्यामुळे ‘गॅलनला 40 मैल’ म्हणजे एका हिशेबाने लिटरला 17 किलोमीटर आणि दुसऱ्याने 14. लोक दोन गाड्यांची तुलना करतात आणि वाद घालतात, तेव्हा पुष्कळदा वादाचे मूळ एवढेच असते.

---

दूरवाट

यंत्रवेडा यांचे विवेचन पटले, तरी ‘किमान आकडा पाळला की झाले’ याला मी थोडी मुरड घालीन. मी ट्राय ग्लाइड चालवतो. गाडीचे स्वतःचे वजन साडेपाचशे किलोंच्या वर, त्यात दोन माणसे आणि भरलेल्या पेट्या. भर उन्हात, लांब चढावर, वरच्या गिअरमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर ओढायला लावले की नॉकिंगची खरी परीक्षा होते. नव्या इंजिनांत नॉक सेन्सर असतो. तो चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे घेतो, त्यामुळे चालकाला खटखट ऐकूही येत नाही, फक्त गाडी जड वाटते, थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि पेट्रोल जास्त जाते. अशा चढाच्या, तापलेल्या मार्गावर वरच्या दर्जाचे पेट्रोल भरल्यावर अ‍ॅव्हरेज सुधारल्याचे कोणी सांगितले, तर मी ते खोटे मानणार नाही. पण इंजिनाकडून काढून घेतलेले परत मिळाले इतकाच त्याचा अर्थ.

आणि असे ओढण्याऐवजी एक गिअर खाली घ्यावा, हा उपाय फुकट आहे. उलट, फार उंचावर हवा विरळ असते, सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि इंजिनाची ऑक्टेनची गरजही उतरते, तेव्हा तिथे महागडे पेट्रोल शोधत हिंडण्यात अर्थ नाही.

---

पश्चिमवारा

दोन्ही प्रतिसाद पेट्रोलविषयी आहेत, पण मूळ प्रश्नातली 13 आणि 17 ची तफावत पेट्रोल समजावून सांगू शकत नाही. ती तफावत वाऱ्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पायडरची रुंदी सुमारे दीड मीटर आहे. पुढची दोन्ही चाके, त्यांचे मडगार्ड आणि सस्पेन्शनचे दांडे उघड्या हवेत. मध्ये चालक, मागे पेट्या. दुचाकी हवा कापत जाते, ही गाडी ती ढकलत जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी 90 वरून 120 वर गेल्यास तो सुमारे 1.8 पट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती जवळजवळ 2.4 पट.

आता वेग तोच 90 ठेवा आणि समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा घ्या. गाडीच्या दृष्टीने हवेचा वेग 110 झाला, विरोध दीडपट. पाठीवर तोच वारा असेल तर हवेचा वेग 70, आणि विरोध 60 टक्क्यांवर येतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे. झाडांच्या लहान फांद्या हलतात एवढाच, आणि विंडस्क्रीनच्या मागे बसलेल्याला तो बहुधा कळतही नाही. रस्ता, सामान आणि माणसे तीच असूनही आकडे का बदलतात, याचे उत्तर इथे आहे. शिवाय जाताना घालवलेले येताना पूर्ण भरून निघत नाही : वरच्या उदाहरणातल्या दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढली तर विरोध शांत हवेपेक्षा 5 टक्के जास्तच येतो. बाजूने येणारा वाराही या रुंद गाडीला त्रासदायकच ठरतो.

म्हणून अ‍ॅव्हरेज वाढवायचेच असेल तर पंप बदलण्याआधी ताशी 10 किलोमीटर कमी करून पाहावेत, आणि विंडस्क्रीन गरजेपेक्षा उंच ठेवू नये. सेमी-ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट : फेऱ्या कमी झाल्या की ती आपण होऊन खालचा गिअर घेते, पण वरचा गिअर चालकालाच टाकावा लागतो. सहाव्याऐवजी पाचव्यातच मैलोन्‌मैल जाणारे चालक मी पाहिले आहेत. इंजिन इतके शांत आहे की ते लक्षातच येत नाही.

---

त्रिचक्री

सर्वांचे मनापासून आभार. वाऱ्याचा हिशेब माझ्या नोंदींशी चांगलाच जुळतो, कारण कमी आकडे बहुतेक एकाच दिशेने जातानाचे आहेत. दोन उपप्रश्न राहतात : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने नक्की किती घट धरावी, आणि टायरचा यात काही वाटा आहे का?

---

यंत्रवेडा

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे 10 टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज साधारण 3 टक्क्यांनी उतरावे, 20 टक्के मिश्रणाने 6 ते 7 टक्क्यांनी. लिटरला 15 देणारी गाडी 10 टक्के मिश्रणावर साडेचौदा देईल. 13 वर येणार नाही. याहून मोठी घट कोणी इथेनॉलच्या माथी मारत असेल तर दुसरे कारण शोधावे. आपल्या गाडीला किती मिश्रण चालते हे पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती मर्यादा ओलांडू नये. इथे प्रश्न केवळ अ‍ॅव्हरेजचा नसून रबरी नळ्या आणि सील यांचाही आहे. गाडी काही महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल ओलावा शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात. इथेनॉलमुळे वाढलेले ऑक्टेन त्याच्याबरोबरच खाली जाते, आणि वर उरते ते कमी ऑक्टेनचे पेट्रोल.

---

दूरवाट

टायरचा वाटा दोन प्रकारे असतो. पहिला म्हणजे हवेचा दाब. या गाड्यांच्या पुढच्या टायरांत दाब मुळातच कमी, स्पायडरच्या अनेक मॉडेलांत 15 ते 20 पीएसआय, त्यामुळे 3 पीएसआयची घटही प्रमाणाने मोठी ठरते. दाब थंड टायरवर, चांगल्या गेजने पाहावा. पेट्रोल वाचवण्यासाठी तो वाढवू मात्र नये, कारण हलका पुढचा भाग उड्या मारू लागतो आणि रबर मध्यभागी झिजते.

दुसरा प्रकार फसवा आहे. मागे कंपनीच्या 225/50 आर 15 टायरऐवजी 205/60 आर 15 हा मोटारीचा टायर बसवणारे पुष्कळ आहेत. त्याचा व्यास साडेतीन टक्क्यांनी मोठा भरतो. ज्या गाडीत अंतर मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून मोजले जाते, तिथे ओडोमीटर तेवढे कमी अंतर दाखवतो, आणि खर्च तोच असताना अ‍ॅव्हरेज घटल्यासारखे वाटते. दुचाकीला मागे दोन चाके जोडून तयार केलेल्या ट्राइकमध्येही हीच शक्यता असते. एकदा जीपीएसशी ताडून पाहावे.

मोजताना टाकी पूर्ण भरूनच मोजावे, आणि अर्ध्या टाकीच्या आत हिशेब करू नये. नोझल कधी अर्धा लिटर आधी बंद होते, कधी नंतर. 10 लिटरच्या भरण्यात ही चूक 5 टक्क्यांची होते, 20 लिटरच्या भरण्यात अडीच टक्क्यांची. नोझल बंद झाल्यावर काठोकाठ भरण्याचा मोह टाळावा, नाहीतर पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाते आणि मागाहून वास येत राहतो.

पंप विरळ असलेल्या मार्गासाठी मी तुमच्या जागी असतो तर लिटरला 13 किलोमीटर आणि 26 पैकी 22 लिटर एवढेच धरून चाललो असतो, म्हणजे 280 किलोमीटरच्या आत पंप हवाच. उरलेले 4 लिटर अडीअडचणीला तर आहेतच, पण टाकीतला विजेवर चालणारा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहूनच थंड होतो, त्यामुळे टाकी वारंवार तळाला नेणे त्यालाही मानवत नाही.